वाढवायचं बटण

सगुणाबाईंच्या कारखान्यात ‘बंद’ हा शब्द बंद होता.

मानवतच्या मोंढ्यामागं त्यांचा गणवेशाचा कारखाना, चाळीस शिलाई मशिनींचा. मानवत-पाथरीकडच्या बावीस शाळांची लेकरं जूनमध्ये जे काही अंगात घालून शाळेत जात, ते सगळं इथंच बेतलं, कापलं आणि शिवलं जायचं. आता चालत्या धंद्यात तोंडातून ‘बंद’ निघालं की लक्ष्मी ऐकते आणि मनावर घेते, असं सगुणाबाईंचं ठाम मत. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली तर वाढली म्हणतात. एवढं आपल्याकडं सगळेच पाळतात. पण सगुणाबाई त्याच्याही चार पावलं पुढं गेल्या होत्या. त्यांच्याकडं पंखा वाढवायचा, नळ वाढवायचा, आणि काज-बटणाच्या टेबलावर बायकांच्या गप्पा फार रंगल्या की “तोंडं वाढवा गं आता” अशी हाकही यायची.

नव्यानं लागलेल्या मनकर्णानं पहिल्याच संध्याकाळी भाबडेपणानं विचारलं होतं, “मावशी, शटर बंद करू?” झालं! मशिनी थांबल्या. सगुणाबाईंनी गुळाचा खडा मागवला, तिच्या तोंडात घातला आणि तेच वाक्य तिच्याकडून पुन्हा नीट वदवून घेतलं. मनकर्णानं इतकी धास्ती घेतली, की त्या दिवसापासून ती कामापुरतंसुद्धा बोलेना. गुळाचा डबा मात्र कायमचा गादीशेजारी येऊन बसला.

अशा कारखान्यात संगणक आणायचा, ही धम्मशीलाची हौस.

धम्मशीला आधी काज-बटणाच्याच टेबलावर होती. रविवारी एसटीनं परभणीला जाऊन तिनं संगणकाचा कोर्स केला. तिला एकच गोष्ट सलायची. बावीस शाळांच्या मापांच्या बावीस वह्या होत्या, आणि त्या सगळ्या कटिंग मास्तर दत्तरावांच्या अक्षरात. ते अक्षर फक्त दत्तरावांना लागायचं, तेही चष्मा सापडला तर. गेल्या हंगामात एका शाळेच्या पाचवीला सातवीच्या पँटी गेल्या होत्या आणि पोरं सहा महिने एका हातानं पँट धरून प्रार्थना म्हणत होती. धम्मशीलानं धीर करून सगुणाबाईंना सांगितलं, “मावशी, सगळी मापं कंप्यूटरात घालू. मी नियोजन करते.”

सगुणाबाईंनी बराच वेळ विचार केला. “एक हंगाम देते तुला. मापं बराबर निघाली तर कंप्यूटरची खुर्ची तुझी. न्हाई निघाली तर कंप्यूटर पोत्यात आन् तू परत काज-बटणाला. कबूल?”

“कबूल.”

दत्तरावांना हे बिलकुल पसंत नव्हतं. पस्तीस वर्षं कैची चालवलेला माणूस. अंगानं काडीपैलवान, पण शब्दाला लोखंडी. ते म्हणाले, “मी काय बोलणार? उद्यापासून कागदात हाय ते कापीन. एक सूत इकडं न्हाई, एक सूत तिकडं न्हाई. मंग बगू.” त्या ‘मंग बगू’मध्ये काय काय होतं, ते धम्मशीलाला चांगलं कळलं.

तिनं मोठ्या पांढऱ्या कागदावर नियोजन लिहून भिंतीवर चिकटवलं. वरच्या बाजूला मे महिन्याच्या तारखांच्या चौकटी, खाली कामं आणि नियम. मापं भरणे, चाचणी घेणे, जुन्या वह्या निकाली काढणे, असं सगळं ओळीनं. नियोजनाचं एक बरं असतं. ते भिंतीवर लागलं की माणूस निर्धास्त होतो आणि पुन्हा तिकडं ढुंकूनही बघत नाही.

पहिलं भांडण सहाव्या नियमावरून झालं : ‘संगणकास हळदीकुंकू लावू नये.’

“मशिनींना लावते, कैचीला लावते, ह्यालाच काय धाड भरली?” सगुणाबाईंनी विचारलं.

“आत पावडर गेली तर खराब होतंय, मावशी.”

“मंग मी कुटं लावू?”

धम्मशीला त्या वेळी तारांच्या गुंत्यात गुडघे टेकून बसली होती. ती वैतागून म्हणाली, “लावा तिकडं कुटंबी! त्या भिंतीवरच्या कागदाला लावा!” असं म्हणाली आणि विसरून गेली.

दुसरी गोष्ट तिनं विसरायला नको होती. प्रोग्राम पुण्याची एक कंपनी करून देणार होती. तिथल्या मनिषा मॅडमनी गरजांची यादी मागवली. धम्मशीलानं बसून मुद्दे लिहिले. पहिले दोन शाळा-इयत्तांचे. तिसरा असा : ‘पडद्यावर कोठेही “बंद करा” असे नको, “वाढवा” असे हवे.’ आणि चौथा असा : ‘लेकरे वाढत्या अंगाची असतात, तरी एका बटणासरशी सगळी मापे अर्धा इंच वाढवायची सोय हवी.’

शहाण्या वाचकाला इथंच ठेच लागली असेल. धम्मशीलाला लागली नाही. मनिषा मॅडमना लागली, म्हणून त्यांनी फोनही केला. पण त्या वेळी इकडं सगळ्या मशिनी एकदम घरघरत होत्या.

“मॅडम, तीन आणि चार एकच धरू ना? एकाच बटणात होईल,” मनिषा मॅडम म्हणाल्या.

धम्मशीलानं एका कानात बोट घालून दुसऱ्यानं ऐकलं. तिला ‘तीन आणि चार एकदमच होईल’ एवढंच ऐकू आलं. “व्हय व्हय, करा एकदमच!” ती ओरडली.

प्रोग्राम आला. पडद्याच्या कोपऱ्यात गोल, हिरवं बटण होतं : ‘वाढवा’. ‘बंद’चा कुठं मागमूस नव्हता. सगुणाबाईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच त्या यंत्राकडं मायेनं पाहिलं. धम्मशीलाला इतका आनंद झाला, की नियोजनाच्या कागदावर ‘चाचणी घेणे’ यापुढं तिनं बरोबरची खूण करून टाकली. चाचणी घ्यायची तेवढी राहिली.

मग तिनं मापं भरायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये शाळा चालू असताना घेतलेली मापं, वह्यांमधून. दत्तराव शेजारी बसून स्वतःचं अक्षर वाचून दाखवायचे आणि ती भरायची. रोज एक शाळा, कधी दीड. पहिलं माप मान म्हणून सगुणाबाईंच्या नातीचं, भक्तीचं. इयत्ता दुसरी, छाती चोवीस.

धम्मशीलाचं गाव पाथरी रस्त्यावर. साडेपाचची जीप चुकली की मग हाल, म्हणून ती वेळेवर निघायची. दिवे लागायच्या सुमाराला सगुणाबाई उदबत्ती लावायच्या, संगणकापुढं उभ्या राहायच्या आणि उजव्या हातानं ते हिरवं बटण दाबायच्या.

पडद्यावर यायचं : ‘सर्व वाढवायचे?’

“व्हय, वाढवा,” असं तोंडानं म्हणून त्या ‘होय’ दाबायच्या.

‘सर्व वाढवले आहे. धन्यवाद.’

“बगा दत्तराव, कसं रीतीचं बोलतंय!” त्या म्हणायच्या. “पुण्याचं असून.”

मग दत्तराव मेन स्विच खाली ओढायचे आणि कुलूप लागायचं. आणि त्याच घटकेला मामाच्या गावाला आंबे चोखत बसलेली सगळी लेकरं कागदोपत्री छातीत, कमरेत, गळ्यात आणि बाहीत अर्ध्या इंचानं वाढायची.

बरं, हे दिवसातून एकदाच व्हावं, तर तेही नाही. धम्मशीला निघाल्यावर लगेच लाईट जायची चिन्हं दिसली की सगुणाबाई घाईनं येऊन ‘वाढवून’ ठेवायच्या, आणि लाईट टिकली तर दिवे लागताना रीतसर पुन्हा. अमावास्येला त्यांनी खबरदारी म्हणून दोनदा वाढवलं. उलट एखाद्या संध्याकाळी लाईट आधीच गेलेली असायची, तेव्हा वाढवायचं राहून जायचं.

महिनाअखेरच्या शुक्रवारी शेवटची शाळा भरून झाली. धम्मशीलानं सुटकेचा श्वास सोडला आणि नियोजनाबरहुकूम बावीसच्या बावीस वह्या रद्दीवाल्याला देऊन टाकल्या. दत्तरावांनी त्या गठ्ठ्याकडं, लेक सासरी निघावी तसं पाहिलं. 

शनिवारी मुहूर्त. रीत अशी, की हंगामातला पहिला गणवेश भक्तीचा. तो शिवून तिच्या अंगात घालायचा, नारळ वाढवायचा, आणि सोमवारपासून चाळीसही मशिनी सुरू. शाळा उघडायला दोन आठवडे उरलेले असतात, एक दिवस इकडचा तिकडं झाला तर जमत नाही. धम्मशीलानं सकाळी भक्तीच्या मापाची चिठ्ठी छापली आणि न बघता दत्तरावांच्या हातात दिली.

दत्तरावांनी चिठ्ठी पाहिली. मग चष्म्यावरून भक्तीला पाहिलं. ती पायरीवर चुरमुरे खात बसली होती. मग पुन्हा चिठ्ठी पाहिली.

“पोरी, हे बराबर हाय न?”

“काका, कंप्यूटर चुकत न्हाई.”

“मला काय!” दत्तराव म्हणाले आणि टेबलावर कापड पसरलं. “कागदात हाय ते कापीन.”

कापलेले तुकडे शिवायला मनकर्णाकडं गेले. तिलाही शंका आली. पण गुळाची आठवण ताजी होती. तिनं तोंड वाढवून ठेवलं आणि शिवलं.

पूजा झाली. सगुणाबाईंनी आपल्या हातानं नातीच्या अंगात सदरा घातला. भक्तीचं डोकं गळ्यातून आलं, त्यापाठोपाठ एक खांदाही आला. अर्ध्या बाह्या पंजाच्या खाली लोंबायला लागल्या. स्कर्ट कमरेला धरून ठेवावा लागला, आणि धरला तरी घोट्यापर्यंत पोचला. भक्तीनं मान आत घालून पाहिली आणि आतूनच विचारलं, “आज्जे, मी कुटं हाय?”

अख्खा कारखाना खो-खो हसला. मग सगळ्यांनी सगुणाबाईंकडं पाहिलं आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

“शीले,” सगुणाबाई म्हणाल्या, “हे काय हाय?”

धम्मशीलानं टेप घेतली. छाती चोवीस. पडद्यावर पाहिलं. साडेतेहतीस! गळा अकरा होता, तो साडेवीस. तिनं घाईघाईनं दुसरी शाळा उघडली. पाथरीच्या एका शाळेतली पहिलीची सगळी पोरं छातीला तिशीच्या आसपास. आणखी एक शाळा उघडली, तिथं पोरं जरा कमी फुगली होती, पण फुगली होतीच. तीन हजार लेकरांमध्ये एकही जागेवर नव्हतं. ती दत्तरावांकडं वळली.

“काका, तुमी वाचताना…”

“मी चोवीस वाचलं व्हतं,” दत्तराव म्हणाले. “आन् तू चोवीसच घातलं. मी बगितलंय.” जिंकल्यावर माणसाला जसं वाटायला पाहिजे, तसं त्यांना का कोण जाणे वाटेना. ते जरा घुटमळले. “वह्या काढ की. परत घालू.”

“वह्या काल रद्दीत घातल्या.”

 सगुणाबाई गादीवर बसल्या. “शीले, आपलं काय ठरलंय ते तुला ठावं हाय. मला दिवे लागायच्या आत सांग, सोमवारी ह्या मशिनी मी कशावर चालवू?” त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर धम्मशीलाला बरं वाटलं असतं.

दत्तराव चप्पल घालून तरातरा बसस्टँडकडं निघाले. तासाभरानं परत आले तेव्हा हातात कागदाचा एक पुडा होता आणि त्याला खमंग वास येत होता.

“रद्दीवाल्यानं सकाळीच भज्याच्या गाड्यावाल्याला दिल्या,” ते घाम पुसत म्हणाले. “निम्म्या गावानं आपली मापं खाल्ली. हे येवढं एक पान राह्यलं, तेबी मला भजे विकत घेऊन सोडवावं लागलं.”

धम्मशीलानं भजी बाजूला काढून पान उलगडलं. पाथरीची शाळा, इयत्ता तिसरी. नावं दिसत होती, कमरा दिसत होत्या.

“छाती कुठाय, काका?”

“तेल बराबर छातीवर आलंय.”

मग सगुणाबाईंनाच एक तोड सुचली. “एकेका शाळंचं एकेक लेकरू आणून मोजलं तर? बाकीची किती फुगली ते त्यावरनं कळंल.” पण सुट्टीचे दिवस. कुणी मामाकडं, कुणी मावशीकडं, कुणी बापासोबत कामाला परमुलखात. त्यात कितीतरी शाळांची मापं दोन दिवसांत विभागून भरलेली, म्हणजे एकाच वर्गातली अर्धी पोरं एवढी फुगलेली आणि अर्धी तेवढी. दुष्काळात तेरावा महिना तो हा.

शेवटी धम्मशीलानं पुण्याला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. मनिषा मॅडमनी तिथूनच प्रोग्राम उघडून पाहिला. थोडा वेळ नुसती टकटक ऐकू आली.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “तुमच्याकडं कोणीतरी रोज सगळी मापं अर्धा अर्धा इंच वाढवतंय.”

“कोण वाढवंल?”

“ते मला कसं कळणार? ‘वाढवा’ बटण दाबलं जातंय. संध्याकाळी वगैरे.”

धम्मशीलानं हळूच मान वळवली. दत्तरावांनी वळवली. मनकर्णानं वळवली. सगुणाबाई आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडं बघत होत्या.

“मी तर दुकान वाढवत व्हते,” त्या म्हणाल्या.

धम्मशीलाला तो फोन आठवला. ‘तीन आणि चार’ आठवलं. न घेतलेली चाचणी आठवली आणि तिच्यापुढची ती ऐटदार खूणही आठवली. चूक बोटाची नव्हती. तिचीच होती. तिला रडू आलं, पण आधी काम होतं.

“मॅडम, जुनं परत येतंय का? बॅकअप असंल न?”

“आहे ना! रोज आपोआप होतो.”

सगळ्यांचे चेहरे उजळले.

“म्हणजे ‘वाढवा’ दाबलं की होतो,” मनिषा मॅडम म्हणाल्या. “आणि तो कालच्यावरच बसतो. वेगवेगळे ठेवा असं यादीत नव्हतं.”

“मंग बटण किती येळा दाबलं, त्याची काय नोंद?”

“नोंद ठेवा असंही यादीत नव्हतं. पण कुठलं माप कुठल्या दिवशी भरलं ते दिसतंय इथं. तुम्ही फक्त कुठल्या दिवशी किती वेळा दाबलं तेवढं सांगा, मी पाच मिनिटांत सगळं वजा करून देते.”

धम्मशीला सगुणाबाईंपुढं जाऊन बसली. “मावशी, आठवून सांगा. कोणत्या दिवशी किती येळा दाबलं?”

“अगं माय,” सगुणाबाई कळवळून म्हणाल्या, “देवाला नमस्कार किती येळा केला, ते मोजून ठेवतंय व्हय कुणी?”

संपलं. धम्मशीला उठली. काज-बटणाच्या टेबलाकडं तिनं एकदा पाहिलं. तिथं तिची जुनी सुईदोऱ्याची पिशवी अजून खुंटीला होती. वाईट एवढंच वाटत होतं, की तो शहाणपणाचा कागद अजून भिंतीवर मिरवत होता. निदान तो तरी आपल्या हातानं उतरवावा, म्हणून ती भिंतीपाशी गेली, कोपरा नखानं सोडवायला लागली आणि थबकली.

तारखांच्या चौकटींमध्ये लाल ठिपके होते. अकरा तारखेला एक. बारा तारखेला एक. सोळाला दोन. वीसला एकही नाही. पंचवीसला पुन्हा दोन.

“मावशी… हे काय?”

“कुंकू,” सगुणाबाई म्हणाल्या. “तूच म्हणली न्हवं, कंप्यूटरला लावू नका, त्या कागदाला लावा म्हणून? बटण दाबलं की त्या दिवसाच्या घरात एक बोट लावायचे. दोनदा दाबलं की दोन. रिकाम्या हातानं कसं वाढवावं?”

 धम्मशीलानं आधी कागदाला हात जोडले, मग सगुणाबाईंना, मग फोनला. “मॅडम, फोन ठेवू नका! हाय! नोंद हाय!”

ठिपके मोजले. एकूण अठरा. भक्तीचं माप अगदी पहिल्या दिवशी, पहिल्या बटणाच्या आधी भरलेलं. म्हणजे तिच्या छातीतून अठरा वेळा अर्धा इंच काढायचा.

“साडेचोवीस,” मनिषा मॅडम म्हणाल्या.

“चोवीस पायजे,” धम्मशीला म्हणाली. पुन्हा मोजले. अठराच. भक्तीला पुन्हा मोजलं. चोवीसच. एक ठिपका कमी होता. आणि तो कोणत्या दिवशीचा ते कळल्याशिवाय निम्म्या शाळा अर्ध्या इंचानं चुकणार होत्या.

“मावशी, एखाद्या दिवशी कुंकू लावायचं राह्यलं का?”

“माझ्याकडून? जन्मात न्हाई!”

दत्तराव खोकले. एकदा खोकले, मग दुसऱ्यांदा. मग कुणाकडंही न बघता त्यांनी एकवीस तारखेच्या घराकडं बोट केलं. त्या घरात लाल काही नव्हतं. पण कोपऱ्यात निळ्या खडूचा एक बारीक टिपका होता, कापडावर खूण करायच्या खडूचा.

“त्या दिवशी बाई परभणीला गेल्त्या,” ते पुटपुटले. “दुकान न वाढवता कसं जावं? कुंकवाचा करंडा काय सापडंना. मंग खडू लावला.”

“म्हंजे तुमी दाबलं? कंप्यूटर?” धम्मशीलानं विचारलं. पूर्ण हंगामात दत्तरावांनी त्या यंत्राला बोट लावलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

“एकदाच,” दत्तराव म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जरा लाज आली. “बटण मऊ हाय.”

हसण्याची अशी लाट आली, की मनकर्णासुद्धा मोठ्यानं हसली. एकोणीस ठिपके पुण्याला सांगितले, तारखेतारखेनं. तिकडं टकटक झाली. इकडं सगळे श्वास रोखून उभे. पडद्यावर भक्ती, इयत्ता दुसरी, छाती चोवीस! गळा अकरा! धम्मशीलानं भज्याचं पान पडद्याशेजारी धरलं. पाथरी, तिसरी. कमर एकवीस, एकवीस. बावीस, बावीस. साडेवीस, साडेवीस. तेलानं जेवढं सोडलं होतं तेवढं सगळं जुळलं.

धम्मशीलाच्या जिवात जीव आला. ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हसत-रडत राहिली. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. दत्तरावांनी तिच्यापुढं भज्यांचा पुडा सरकवला. भजी गार झाली होती, पण इतकी चवदार भजी तिनं आजवर खाल्ली नव्हती.

“आता ह्या सदऱ्याचं काय करावं?” मनकर्णानं विचारलं. पहिल्याच मुहूर्ताचं कापड, टाकवत तर नाही. दत्तरावांनी तो उचलून सहज अंगावर धरला. मग घातला. खांद्याला बरोबर, छातीला बरोबर, बाहीसुद्धा कोपराच्या जरा खाली. चाळीस मशिनींवरून टाळ्या पडल्या.

“कागदात हाय ते कापलं,” दत्तराव आरशात बघत म्हणाले. “चुकंल कसं?”

सगुणाबाईंनी धम्मशीलाला जवळ बोलावलं. ती उभी राहिली, मान खाली घालून.

“मावशी, चूक माझीच हाय. मी चाचणी घेतलीच न्हाई. नुसती खूण केली.”

“यादी तुझी, बोट माझं,” सगुणाबाई म्हणाल्या. “कुणाकुणाला काज-बटणाला बसवू? त्या खुर्चीवर जाऊन बस. आन् सोमवारच्या चिठ्ठ्या काढ. ह्या खेपेला बगून काढ.”

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. मनिषा मॅडम अजून तिथंच होत्या. “मॅडम, मग त्या बटणाचं काय करू? मापं वाढवायचं वेगळं करते, पण हे दुसरं… त्याच्यावर काय लिहू?”

सगळा कारखाना गप्प झाला. धम्मशीला काही बोलली नाही. दत्तरावही नाहीत. मनकर्णानं तर दोन्ही हात तोंडावर ठेवले. तो शब्द सगळ्यांना माहीत होता, पण उच्चारायची कुणाची छाती होती? अगदी साडेतेहतीसची असती, तरी झाली नसती.

सगुणाबाईंनी एकदा नातीकडं पाहिलं. एकदा लक्ष्मीच्या फोटोकडं पाहिलं. मग त्यांनी शेजारचा गुळाचा डबा उघडला, एक खडा हातात तयार ठेवला आणि डोळे मिटले.

“लिवा,” त्या म्हणाल्या. “बंद करा.”

आणि पटकन गूळ तोंडात टाकला.

दिवेलागणीपर्यंत नवं बटण आलं. त्या शनिवारी धम्मशीलानं साडेपाचची जीप मुद्दाम सोडली आणि जागची हलली नाही. उदबत्ती लागली. सगुणाबाई संगणकापुढं उभ्या राहिल्या. बटणावरचा शब्द न वाचता, आभाळाकडं बघत त्यांनी ते दाबलं. बोट कुंकवात बुडवून त्या भिंतीवरच्या कागदाकडं वळणार, तोच दत्तराव म्हणाले, “बाई, ते काहीतरी इचारायलंय.”

सगुणाबाईंनी वळून पडदा वाचला.

‘नक्की बंद करायचे?’

“मेल्या!” सगुणाबाई कडाडल्या. “एकदा म्हणले न्हवं? आनखी किती येळा वदवून घेतोस माझ्याकडून?”

आणि गुळाच्या दुसऱ्या खड्यासाठी त्यांनी डब्याकडं हात केला.